साताऱ्याला दोन रात्री दे

पोरी, महाबळेश्वरला जाता जाता वाटेत सातारा उरकून घ्यायचा तुझा बेत तेवढा बदल. महाबळेश्वर कुठे पळून जात नाही. शुक्रवार ते रविवार एवढेच दिवस हातात आहेत, तर ते सगळे साताऱ्याला आणि त्याच्या आजूबाजूच्या गावांना दे. दोन रात्री तिथे मुक्काम कर. बोरिवलीहून निघून एवढ्या लांब जायचं आणि राजवाड्यासमोर गाडी थांबवून, पेढे घेऊन पुढे सटकायचं, हे मला पाहवत नाही.

का ते सांगते. आपल्याकडे राजधानी म्हटलं की रायगड, आणि ते बरोबरच आहे. पण मराठ्यांच्या छत्रपतींची गादी पुढे दीर्घकाळ जिथे राहिली, ते गाव सातारा. राजाराम महाराजांनी 1699 मध्ये इथे राजधानी आणली. पुढे औरंगजेबाच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांना 12 जानेवारी 1708 रोजी इथेच राज्याभिषेक झाला, आणि 1848 मध्ये डलहौसीच्या कंपनी सरकारने वारस नाही म्हणून राज्य खालसा करेपर्यंत गादी इथेच राहिली. मधल्या काळात कारभार पुण्याला गेला, सत्ता पेशव्यांच्या हाती गेली, हे खरं. तरी नवा पेशवा झाला की त्याची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यायची. एवढं मनात ठेवून गेलीस तर तिथल्या साध्या गल्ल्यांतूनही तुला काहीतरी दिसेल.

आता निघायचं कसं ते ऐक. गाडीने जाणार असाल तर पहाटे पाचच्या आत घर सोडा. बोरिवलीहून घोडबंदरच्या रस्त्याला लागू नका, अवजड गाड्यांत अडकाल. द्रुतगती मार्गाने जोगेश्वरीपर्यंत या, जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने कांजूरला उतरा आणि ऐरोलीचा पूल उजाडायच्या आत ओलांडा. मी मुलुंडला आहे, पाच मिनिटं वाकडी वाट करून मला उचला, असं मी मुद्दाम म्हणत नाही. या वेळी तुम्ही तुमच्या घरचे चौघंच जा. पुढे कळंबोली, एक्सप्रेस हायवे, पुण्याच्या बाहेरून कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, मग खंबाटकी. अंतर अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर-खाली. शुक्रवारची रजा न टाकता संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघायचा मोह जावईबापूंना होईल, तो मोडून काढ. त्या वेळी अर्धी मुंबई घाटाकडे निघालेली असते आणि पुण्याच्या नवले पुलाशी तासन्‌तास जातात. सासूबाईंच्या गुडघ्यांना गाडीत आखडून बसणं चढण्यापेक्षा जास्त त्रास देतं.

रेल्वेने जायचं तर कोयना एक्सप्रेस बरी. सकाळी मुंबईहून निघते, दुपारी साताऱ्याला पोचवते. महालक्ष्मी रात्रीची आहे, पण ती मध्यरात्र उलटल्यावर भलत्याच वेळी उतरवते. लेकराला झोपेतून उठवून फलाटावर उभं करण्यात काही अर्थ नाही. आणि लक्षात ठेव, साताऱ्याचं स्टेशन गावात नाही. ते बाहेर माहुलीच्या बाजूला आहे, तिथून गावात यायला रिक्षा लागते. एसटी मात्र थेट गावाच्या मध्यात उतरवते. बोरिवलीला नॅन्सी कॉलनीच्या आगारात आधी चौकशी करून ठेव. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना तिकीटच नाही. सासूबाईंचं वय त्यात बसतं का बघ. बसत असेल तर आधार कार्ड त्यांच्या पिशवीत वरच्या कप्प्यात राहू दे, कंडक्टरने मागितल्यावर सगळी पिशवी उलटी करायची वेळ येऊ नये.

निघण्याआधी आणखी एक गोष्ट कर. तुमच्या इमारतीत, तुझ्या ऑफिसात, भाजीच्या गाडीवर कुठेतरी साताऱ्याचा माणूस तुला नक्की सापडेल. घाटकोपर–भांडुपच्या चाळींत आणि वाशीच्या बाजारात माथाडी काम करणारी किती माणसं जावळी आणि पाटण तालुक्यातली आहेत! त्यांची घरं अजून तिकडे आहेत, यात्रेला आणि सणाला ती हमखास जातात. आत्ता पाऊस किती आहे, कुठला रस्ता खचलाय, कुठल्या गावात कसली यात्रा आहे, हे त्यांच्याइतकं ताजं कोणाला ठाऊक नसतं. विचारायला लाजू नकोस. आपल्या गावाबद्दल कोणी विचारलं की त्यांना आनंद होतो, आणि मग मोबाइलवर न मिळणारी माहिती मिळते.

उतरायचं ठिकाण शहरातच बघ. पोवई नाका किंवा राजवाड्याच्या जवळ. डोंगरावरच्या, कासच्या वाटेवरच्या राहायच्या जागा फोटोत छान दिसतात, पण तिथे राहिलात की संध्याकाळी गावाकडे फिरकणं होणार नाही, आणि संध्याकाळचं गावच तर बघायचंय.

आता मुख्य गोष्ट. दुसरं काही बघण्याआधी अजिंक्यताऱ्यावर जा. पहिल्या दिवशी दुपारी पोचाल, जेवाल, थोडे आडवे व्हाल. त्या दिवशी चढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघा. गाडीरस्ता जवळजवळ दरवाज्यापर्यंत जातो, त्यामुळे सासूबाईंनाही यायला हरकत नाही. त्यांना काठी मात्र घे, पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि पावसाळ्यानंतर दगडावर शेवाळ असतं. जावईबापूंना पायीच चढायची हौस असेल तर त्यांनी चढावं. साताऱ्याची माणसं रोज पहाटे व्यायामाला म्हणून चढतात, सोबत आपोआप मिळते.

गडावर वाडे, महाल असं शाबूत काही शोधू नका. दरवाजे आहेत, तटबंदी आहे, पाण्याची तळी आहेत, मारुतीचं, महादेवाचं, मंगळाईदेवीचं देऊळ आहे. तिथे वर जायचं ते खाली बघायला. मंगळाईच्या बाजूच्या तटावर उभी राहिलीस की गाव पायाशी पसरलेलं दिसतं. सभोवार डोंगर आहेत: पश्चिमेला यवतेश्वर, त्याच्या डावीकडे लांब सज्जनगड, पूर्वेला जरंडेश्वर, उत्तरेकडे चंदन-वंदन ही जोडगोळी. लेकाच्या हातात कागद-पेन्सिल दे आणि त्याला हे सगळे डोंगर काढायला लाव, कुठला कुठे आहे ते. नंतरचे दोन दिवस तो तुम्हाला वाटा सांगेल. गाव आधी वरून बघितलं की खाली आल्यावर प्रत्येक गल्ली कुठल्या दिशेला जाते ते कळतं, रिक्षावाल्याशी वाद होत नाही, आणि ही राजधानी इथेच का, हे सांगायला वाटाड्या लागत नाही. चारी बाजूंनी डोंगर, हाकेच्या अंतरावर कृष्णा आणि वेण्णा, आणि मधोमध हा गड.

या तटावर लेकाला वेढ्याची गोष्ट सांग. किल्ला जुना, भोज राजाच्या काळातला मानतात. शिवाजी महाराजांनी 1673 मध्ये घेतला. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः मोठी फौज घेऊन खाली येऊन बसला. वर किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. महिनोन्‌महिने वेढा चालला. शेवटी मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिल्याने तट उडाला, आतली माणसं दबली. दुसरा मात्र बाहेरच्या बाजूला फुटला आणि हल्ल्यासाठी खाली टपून बसलेल्या मोगलांवरच दगडांचा लोंढा कोसळला. एप्रिल 1700 मध्ये, दाणागोटा संपल्यावर, गड द्यावा लागला. बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. नंतर ताराराणींच्या माणसांनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा झाला. मुलं ही गोष्ट वर उभी राहून ऐकतात तेव्हा त्यांना तट आणि दरी दोन्ही समोर दिसतात, म्हणून ती त्यांच्या लक्षात राहते. घरी सोफ्यावर सांगायला ठेवू नकोस.

दहाच्या आत खाली या, ऊन चढतं.

शाहू महाराजांनी गडावरचा मुक्काम सोडून पायथ्याला राहायला घेतलं, तेव्हापासून हे गाव वाढलं. म्हणून गाव पायीच बघा. पेठांची नावं वाचत जा: वारांच्या पेठा आहेतच, शिवाय यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, मल्हार, प्रतापगंज. मोती चौकातून राजवाड्याकडे चालत जा. राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, लाकडी खांबांचा, मोठ्या चौकाचा. त्याची किती जागा उघडी असेल ते त्या त्या वेळी बघायचं, पण बाहेरून निवांत बघितला तरी चालेल. आणि तिथे एक गोष्ट चुकवू नकोस. याच वाड्यात साताऱ्याचं सरकारी हायस्कूल भरायचं, आता त्याला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा या शाळेत दाखल झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळतात. तुझा लेक आता ज्या वयाचा आहे, साधारण त्याच वयाचे होते ते. त्याला तिथे उभं कर आणि सांग.

प्रतापसिंह महाराजांबद्दलही सांग, कारण त्यांची गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवलं. त्यांनी रस्ते केले, शाळा काढल्या, छापखाना आणला, गावाला पाणी दिलं. 1839 मध्ये त्याच इंग्रजांनी कारस्थानाचा आरोप ठेवून त्यांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे 14 वर्षं झगडत राहिले. माणसाने स्वतःच्या धन्यासाठी परक्या देशात जाऊन एवढी वर्षं अर्ज-विनंत्या करत राहावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

एसटी स्टँडजवळ छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आणलेली वाघनखं पहिल्यांदा इथेच ठेवली होती, तेव्हा लोकांची रीघ लागली होती. आता ती पुढे गेली, तरी शस्त्रं, कागद, नाणी बघायला तासभर काढ. सोमवारी आणि सरकारी सुट्टीला बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून जायच्या आधी फोन कर.

दुपारी ऊन असेल तर विश्रांती घ्या आणि चारनंतर माहुलीला जा. गावापासून चार-पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात, तिथे एका काठाला संगम माहुली, दुसऱ्या काठाला क्षेत्र माहुली. संगम माहुलीला विश्वेश्वराचं देऊळ, पलीकडे रामेश्वराचं. दगडी घाट, दीपमाळा, नदीचं पात्र. इथे राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. शाहू महाराजांची आहे, 1761 मध्ये साताऱ्यातच वारलेल्या ताराराणींची आहे. दोघांचं वैर होतं, समाध्या एकाच नदीकाठी. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी इथे दाखवतात. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं लोक सांगतात. लेकाला ही फार आवडेल. आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. सख्ख्या पुतण्याच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस या घाटावर लहानाचा मोठा झाला.

माहुलीला पाण्यात उतरायचा हट्ट करू देऊ नकोस. पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडल्यावर पात्र एकदम चढतं, घाटाची खालची पायरी शेवाळलेली असते. वर बसा, तेवढं पुरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या वाटेवर, लिंबची विहीर. या विहिरीसाठी म्हणून मी तुला एवढं सांगत बसलेय, तेव्हा नीट ऐक. साताऱ्याहून पुण्याकडे निघालं की हायवेवर साधारण पंधरा किलोमीटरवर लिंब फाटा लागतो. आत वळून शेरी लिंबला विचारत जा, बारा मोटांची विहीर कोणीही दाखवेल. 1719 ते 1724 या काळात, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, विरूबाई भोसले यांनी ही बांधली. विहिरीवर शिलालेख आहे. खोली सुमारे 110 फूट, रुंदी 50 फूट. वरून बघितली तर आकार शिवलिंगासारखा दिसतो. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून पायऱ्यांची वाट, आणि दोन्हींच्या मधे, पाण्याच्या वर, चक्क एक छोटा महाल. खांबांवर कोरीव काम, खिडक्या, बसायला जागा. उन्हाळ्यात विहिरीच्या पोटातल्या गारव्यात बसायची सोय. भिंतीवर वाघ, हत्ती कोरलेले आहेत.

लेकाला मोट म्हणजे काय ते विहिरीच्या काठावरच समजावून सांग, कारण आपल्या मुंबईच्या मुलांनी मोट बघितलेली नसते. चामड्याची मोठी पिशवी, तिला वर जाड नाडा आणि खाली सोंडेला बारीक सोंदूर. बैल उतारावरून, म्हणजे धावेवरून, खाली चालत गेले की मोट भरून वर येते, थारोळ्यात रिकामी होते आणि तिथून पाणी पाटाने शेतात जातं. बैल मागे आले की मोट पुन्हा खाली. एकाच वेळी अशा बारा मोटा चालतील एवढी ही विहीर. काठावर पंधरा मोटांची सोय आहे असंही सांगतात. बैलांची खिल्लारं, हाकणाऱ्या माणसांची गाणी, पाण्याचा आवाज, याची कल्पना त्याला करू दे. या पाण्यावर आजूबाजूची आमराई पोसली. राजाची राजधानी म्हटली की आपण तट आणि तलवारी बघतो. एका बाईने शेतीसाठी एवढा खर्च करून, एवढं सुंदर काम करून ठेवलं, हेसुद्धा राजधानीचंच वैभव, असं मला ठाम वाटतं.

तिथे काही गोष्टी पाळ. लेकाचा हात सोडू नकोस, काठाला सगळीकडे कठडा नाही. सासूबाईंना खाली उतरवू नकोस, पायऱ्या उंच आहेत. त्यांना वरून दाखव, वरूनच आकार चांगला कळतो. पाण्यात नाणं टाकायचं नाही, चिप्सची पिशवी तर नाहीच. विहिरीच्या आवारात गावातलं कोणी वयस्कर माणूस भेटलं तर दोन मिनिटं बोला. दहाच्या आत गेलात तर गर्दी नसते आणि ऊन तिरपं पडत असतं. लिंबमध्ये कृष्णेच्या काठावर घाट आणि देवळंही आहेत, पण घाई होत असेल तर सोडून दे. विहिरीला मात्र वेळ दे.

आता मधला, दुसऱ्या दिवसाचा दुपारचा भाग राहिला. यात दोन पर्याय आहेत आणि दोन्ही एकाच दिवशी करायचे नाहीत. कासचं पठार किंवा सज्जनगड. कुठल्या महिन्यात जाता त्यावर ठरव. कास किंवा सज्जनगड धरलात तर माहुली पहिल्या दिवशी, पोचलात त्या संध्याकाळी करून टाका.

ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जात असाल तर कास. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने पंचवीसेक किलोमीटर. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या यादीतून ते जागतिक वारसा झालं आणि तेव्हापासून गर्दी फार वाढली. म्हणून हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि शनिवार-रविवारची ती आधीच भरलेली असते. तुमचा शुक्रवार रजेचा आहे, तर कास शुक्रवारीच कर, मग बाकीचं पुढेमागे सरकव. तिथे जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम थर आहे. त्या बोटभर मातीत ही फुलं येतात: तेरडा, सोनकी, चवर, गेंद, निळी सीतेची आसवं, आणि टोपली कारवी सात वर्षांतून एकदा. डबक्यांत वायतुरा फुलतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. एक पाऊल चुकीचं पडलं की ती माती सरकते आणि पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही. फोटोसाठी दोरीच्या आत शिरणारी माणसं मला अजिबात सहन होत नाहीत. तू तशी वागणार नाहीस, पण लेक धावेल, त्याच्यावर लक्ष ठेव. तिथे धुकं, पाऊस, थंडी तिन्ही एकदम येतात. छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोट घे, आणि बूट पकड असलेले.

पठाराच्या पुढे कासचा तलाव आहे. त्याचं पाणी उताराने, पंपाशिवाय, साताऱ्याला जातं. सकाळी लॉजच्या नळाला आलेलं पाणी इथलं असू शकतं, हे लेकाला दाखव. पुढे बामणोलीला कोयनेच्या पाण्यावर होड्या आहेत, पण या खेपेला तिकडे जाऊ नका. परत येताना घाटात अंधार होतो आणि धुक्यात समोरचं काही दिसत नाही.

हिवाळा असेल, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तर सज्जनगड. परळीच्या वर, उरमोडी धरणाच्या बाजूला. समर्थ रामदास स्वामींचं शेवटचं वास्तव्य इथे, 1682 मध्ये इथेच त्यांची समाधी. गाडीतळापासून वर पायऱ्या आहेत, सासूबाईंनी मधे मधे बसत चढावं, घाई करू नये. दुपारचा प्रसाद तिथे मिळतो, पंगतीत बसून जेवा आणि पानात काही टाकू नका. माघ वद्य नवमीला, दासनवमीला, तिथे मोठी गर्दी असते. शांतपणे बघायचं तर ते दिवस टाळ. सज्जनगडाच्या पुढे ठोसेघरचा धबधबा. तो पावसाळ्यातला, डिसेंबरनंतर त्याच्यासाठी एवढं लांब जाऊ नकोस.

वाई, मेणवली, धोम या बाजूला नेतील कोणी, तर नम्रपणे नाही म्हण. नाना फडणवीसांचा वाडा आणि वाईचे घाट ही वेगळी, पूर्ण एका दिवसाची गोष्ट आहे. पुढच्या वर्षी.

खाण्याचं थोडक्यात. तिखट आहे, लेकासाठी दही मागव. भाकरी, पिठलं, खरडा, आमटी, मिळेल तिथे साध्या खानावळीत जेवा. संध्याकाळी राजवाड्यासमोर चौपाटीसारख्या गाड्या लागतात, तिथे गाव फिरायला येतं, तुम्हीही जा. कंदी पेढे निघायच्या दिवशी सकाळी घे, आधी नको. दुकानात ताजे कधीचे ते विचार. खरा कंदी पेढा खवा मंद आचेवर भाजून तपकिरी होईपर्यंत परतलेला असतो, त्यात साखर बेताची असते. पांढुरका, फार गोड असेल तर तो नको. गरम असताना डब्याचं झाकण घट्ट लावू नकोस, घाम सुटतो. आम्हाला अर्धा किलो पुरे, शेजाऱ्यांसाठी वेगळे घे.

दसऱ्याच्या दिवसांत जाणं जमलं तर तिथलं शाही सीमोल्लंघन बघायला मिळेल, पण तेव्हा राहायची जागा महिनाभर आधी धरावी लागते. मे महिन्यात जाऊ नका. जुलैत घाटातल्या दरडींची बातमी बघितल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

आणि परतीचं. रविवारी लिंबची विहीर बघून अकरापर्यंत हायवेला लागा, पुण्याच्या आधी जेवा. संध्याकाळी चारनंतर एक्सप्रेस हायवेवर लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. उशीर झालाच तर घाटात घाई करू नका, वाटेत थांबून चहा प्या आणि रात्री नऊनंतर निघा. जमलं तर जावईबापूंना सोमवारी सकाळची अर्धी रजा टाकायला सांग. लेकाने काढलेला डोंगरांचा कागद पाठव मला, त्यात सज्जनगड कुठल्या बाजूला काढलाय ते मी बघणार आहे.